सोटा आणि करंजाची डहाळी

या रे, सगळे आत या. पाय पोटाशी घ्या, वाकळ ओढा मानेपर्यंत. चुळबुळ नको. गोष्ट जरा रागाची आहे, पण शेवट गोड आहे, बरं का.

तर एकदा काय झालं, एक राजा होता. नाव त्याचं मोठं लांबलचक, भाटाला म्हणायला दोन दम लागायचे. पण लोक आपसात त्याला धाकोजी म्हणायचे. तेही हळूच.

या धाकोजीकडं एक सोटा होता. साधासुधा नाही. जिवंत सोटा. पणज्यापासून चालत आलेला. सिंहासनाशेजारी मखमली गादीवर तो लोळत पडायचा. राणीच्या केसांना तेल लागो न लागो, सोट्याला रोज तेल लागायचं. राजानं हुकूम सोडला आणि कुणी तो ऐकला नाही, की राजा नुसता म्हणायचा, "जा रे सोट्या!" मग काय. सोटा उठायचा, सूंऽऽ करत खिडकीतून जायचा, त्या माणसाला शोधून काढायचा आणि पाठ मऊ करून परत गादीवर येऊन पडायचा.

राजा रोज सकाळी विचारायचा, "प्रधानजी, राज्य कशावर उभं आहे?"

प्रधान म्हणायचा, "सोट्यावर, महाराज."

आणि राजा न्याहारीला बसायचा.

पुढं राज्य वाढलं. सोटा एकटा किती ठिकाणी जाणार? मग राजानं सोट्याच्या छिलक्या काढल्या आणि त्यांच्या छड्या केल्या. गावोगावी एकेक छडी पाठवली. चावडीवर टांगा म्हणाला. त्या छड्याही बापासारख्याच. कुणी वेठीला यायला उशीर केला, की छडी खुंटीवरून उडी मारायची. एका गावात एकाची बायको अडली होती. सुईण आणायला तो पळाला, म्हणून वेठीला उशिरा पोचला. छडीनं त्याला सोलून काढला. एका गावात एका म्हातारीला दवंडी ऐकूच आली नाही. ठार बहिरी होती बिचारी. तिलाही झोडपलं. आता तुम्हीच सांगा, हा काय न्याय झाला? बहिरीला मारून तिला ऐकू येणार होतं का? पण छडीला डोळे नाहीत, कान नाहीत. तिला नुसता हात आहे. तोही दुसऱ्याचा.

असो. चिडून उपयोग नाही. पुढं ऐका.

या राज्याच्या एका टोकाला, दोन डोंगरांच्या बेचक्यात, पाटवाडी नावाचं गाव होतं. गावाला नदी. नदीला जुना दगडी बंधारा. बंधाऱ्यातून पाट निघायचा आणि सगळ्यांच्या रानांना पाणी द्यायचा. आणि या पाण्याची पाळी लावायची गोजराबाईनं. गोजराबाई म्हणजे गावाची पाटकरीण. उंच, काटकुळी, कासोटा घातलेला, खांद्यावर फावडं. आवाज असा, की हिनं इकडं हाक मारावी आणि डोंगरापलीकडच्या शेळ्यांनी माघारी वळावं.

पाटवाडीची एक रीत होती. पाणी आधी शेपटाला. म्हणजे पाटाच्या अगदी शेवटी ज्याचं रान, त्याचं भिजवणं पहिलं. मग वर वर यायचं. आणि पाटकरणीचं स्वतःचं रान सगळ्यांत शेवटी. ज्याची पाळी असेल त्याच्या रानाच्या तोंडाशी गोजराबाई करंजाची हिरवी डहाळी खोचायची. डहाळी आहे तोवर पाणी त्याचं. दुसरा कुणी त्याला हात लावायचा नाही. राखण नाही, पहारा नाही. एक डहाळी. शेळीनं खाल्ली तर संपली! पण तरीही दुसरी खोचेपर्यंत लोक थांबायचे.

आता राजाची छडी या गावाला कशी पोचली ते ऐका. मजा आहे.

तेव्हा सगळं गाव पाटातला गाळ काढत होतं. बाया, बाप्ये, पोरं, सगळी कमरेपर्यंत चिखलात. तेवढ्यात एक घोडेस्वार आला. दवंडी देऊन देऊन त्याचा घसा पार बसलेला. त्यानं छडी फेकली, "राजाची छडी आहे, नीट ठेवा," असं कसंबसं खरखरला आणि पुढच्या गावाला गेला.

लोक छडीभोवती जमले. हे काय म्हणायचं?

म्हातारा कोंडाजी म्हणाला, "गोजरे, राजानं काठी कशाला धाडली असंल गं?"

गोजराबाईनं छडी हातात घेतली, वाकवून बघितली. म्हणाली, "आता बंधाऱ्याच्या गावाला राजा काठी कशाला धाडंल, आजा? पाणी मोजायला! दुसरं काय?"

सगळ्यांना पटलं. किती जाणता राजा! आपल्या पाण्याची त्याला किती काळजी! मग सुताराकडून छडीला खाचा पाडून घेतल्या, हळदकुंकू लावलं आणि पाटाच्या तोंडाशी पाण्यात रोवून दिली. पाणी कुठल्या खाचेला टेकतं, ते बघून गोजराबाई पाळी लावायला लागली.

आणि छडी? छडीला जन्मात कुणी पाणी पाजलं नव्हतं. तिचे पाय ओले झाले आणि ती गप्पच झाली, बरं का.

मग उन्हाळा तोंडावर आला. राजवाड्यातलं कमळांचं तळं आटायला लागलं. राणीचे हंस चिखलात फतकल मारून बसले. राजानं हुकूम काढला, की पाटवाडीचा पाट फोडा आणि सगळं पाणी राजवाड्याच्या तळ्यात सोडा. तळं भरेस्तोवर कुणाच्या रानाला थेंब जाता कामा नये.

हुकूम घेऊन रंगराव जमादार आला. मिशा मोठ्या, मन लहान नव्हतं त्याचं, पण पाठीवर वळ होते. सोट्याचे. कधी काळी घोड्याला पाणी पाजायला थांबला होता, त्याचे.

त्या वेळी डहाळी कोंडाजीच्या रानात होती. कोंडाजीचं रान शेपटाला, एवढंसं, पण उन्हाळ्यात पाण्याची धार बारीक, भिजायला दिवसचे दिवस लागायचे. गहू चिकात आला होता. चिकातला गहू म्हणजे काय माहीत आहे? दाणा दाबला की दूध येतं. तेव्हाच त्याला पाणी हवं. एक पाणी चुकलं, की दाणा वाळून सुरकुततो. मग वर्षभर म्हाताऱ्यानं आणि त्याच्या आईविना नातीनं खायचं काय?

गोजराबाईनं जमादाराचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देऊ की राजाला पाणी. न द्यायला काय झालं? राजाचं रान कुठंशी येतं, शेपटाला का तोंडाला?"

जमादार बावचळला. "रान नाही बाई, तळं आहे. कमळं आहेत."

"असू दे. कमळालाबी तहान लागतीच. पण आता पाळी कोंडाजीआजाची हाय. त्याचं झालं, वरच्यांचं झालं, माझं झालं, की तुमच्या राजाच्या नावानं डहाळी खोचते. बसा, ताक घ्या."

जमादारानं कपाळावर हात मारला. "अगं ए बाई, हा राजाचा हुकूम आहे! छडी कुठंय तुमच्या चावडीवरची?"

लोकांनी हौसेनं त्याला पाटावर नेलं. बघतो तर काय, राजाची छडी पाण्यात उभी! अंगभर खाचा, कपाळाला हळदकुंकू, आणि शेंड्याला दोन कोवळी पानं फुटलेली!

जमादारानं डोळेच मिटून घेतले. मग मुकाट्यानं घोड्यावर बसला. ताक मात्र पिऊन गेला, बरं का.

राजानं ऐकलं आणि त्याला आधी राग आलाच नाही. त्याला भीती वाटली. छडी पाण्यात, आणि तरी गाव शिस्तीत चालतं? कुणी कुणाचं पाणी चोरत नाही? म्हणजे त्या बाईकडं आपल्यापेक्षा मोठा सोटा असणार! दुसरं काय असेल? त्यानं शिपाई धाडले. तिच्या घरात काठीसारखं जे जे दिसेल ते उचलून आणा म्हणाला.

शिपायांनी घर उलथंपालथं केलं. मुसळ नेलं, रवी नेली, लाटणं नेलं. चुलीपुढची फुंकणीसुद्धा सोडली नाही. दरबारात सगळं मांडलं. राजा उठून मुसळापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "जा रे मुसळा!" मुसळ कुठं जाणार? रवीला म्हणाला, "जा गं रवी!" रवी घरंगळली आणि प्रधानाच्या पायाशी जाऊन थांबली. दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मात्र राजा तांबडालाल झाला.

"जा रे सोट्या!"

सोटा निघाला. भर दुपारी पाटवाडीला पोचला. गोजराबाई पाटावर उभी होती. तिकडं घरात सांजचं कसं रांधायचं, फुंकणीसुद्धा नाही, याच विचारात होती. सोट्यानं पहिला रट्टा दिला तो तिच्या पाठीत. ती कळवळली. दुसरा दिला, ती गुडघ्यावर आली. तरी ती डहाळीकडं बघत राहिली. पाणी कोंडाजीच्या रानात चाललं होतं, त्याचा आवाज येत होता. तिनं दात खाल्ले. तिला मार लागला त्यापेक्षा जास्त लागलं ते हे, की कुणी विचारलं नाही, कुणी ऐकून घेतलं नाही. मी तर नाही म्हणालेच नव्हते! पाळी लावते म्हणाले होते! चोराला मारावं तसं मला मारता?

लोक धावले. सोट्यानं त्यांनाही झोडलं. कोंडाजीलाही सोडलं नाही. कोंडाजी रडत म्हणाला, "गोजरे, काढ माझी डहाळी. जाऊ दे माझा गहू."

"गप बस, आजा," गोजराबाई म्हणाली. "डहाळी मी खोचलीय. तुझी पाळी झाली की मीच काढीन."

आणि मग एक गंमत झाली. मारून मारून सोटा दमला. आता पाट फोडायचा होता. पण कसा? दारं धरायला, म्हणजे पाणी इकडचं तिकडं वळवायला, वाकावं लागतं. माती उचलावी लागते. सोट्याला कुठं हात? तो इकडं आपटला, तिकडं आपटला, बांधाला नुसती भोकं पडली. पाणी काही वळेना. पाठ फोडता येते सोट्याला, पाट वळवता येत नाही. शेवटी तसाच परत गेला. काम न करता परत यायची त्याची ही पहिलीच खेप.

मग राजा स्वतःच निघाला. बरोबर शिपाई, रंगराव जमादार, आणि पालखीत सोटा.

गोजराबाईला धड उभं राहवत नव्हतं. फावड्याचा आधार घेऊन ती पाटाच्या तोंडाशी उभी राहिली. राजानं तिला नीट बघितलं. ही? हिच्यापाठी सोटा नाही, शिपाई नाही. लुगड्याला ठिगळ.

"काय गं," राजा म्हणाला, "तुझं हे लोक ऐकतात कशाला?"

"माझं कुठं ऐकत्यात? पाळीचं ऐकत्यात. मीबी ऐकते."

"आणि नाही ऐकलं कुणी तर?"

गोजराबाईला खोटं बोलायची सवय नव्हती. "एकदा नाही ऐकलं. माझ्या धाकट्या दिरानंच, बारकूनं. गुपचूप पाट फोडला आणि दुसऱ्याचं पाणी आपल्या उसाला घेतलं."

"मग? काय केलंस?"

"गाळ काढायला सगळं गाव निघालं, तेव्हा त्याच्या दारावरनं गेलो आणि त्याला हाक मारली नाही. कुणीच नाही. शेवटी आपणहून आला फावडं घेऊन. मान खाली घालून."

राजानं टाळी वाजवली. "बघा! बघा! हाही मारच झाला की! फक्त वळ दिसत नाहीत. मग तुझ्यात न् माझ्यात फरक काय गं?"

बारकू तिथंच उभा होता. त्यानं खाली बघितलं. आणि गोजराबाईच्या मनात आलं, खरंच आहे हे. लागलं होतं त्याला.

ती सावकाश म्हणाली, "लागलं त्याला, महाराज. खोटं कशाला बोलू? मलाबी लागलं. लहानाचा मोठा केलेला दीर, त्याच्या दारावरनं तोंड मिटून जाताना माझा पाय उचलत नव्हता. तुमचा सोटा मारतो, तेव्हा तुम्हाला कुठं दुखतं?"

राजानं पालखीतल्या सोट्याकडं बघितलं.

"आणि बारकू आला, तेव्हा त्याची जागा मोकळी ठेवली होती आम्ही. मोडलेला कणा घेऊन माणूस कुठल्या जागेवर येणार?" आता तिचा आवाज चढला. डोंगरापलीकडच्या शेळ्यांनी कान टवकारले. "आणिक एक सांगा मला. आम्ही तुमचं ऐकतो, का? तर सोट्याला भितो. हे शिपाई ऐकत्यात, का? तर सोट्याला भित्यात. बरं. मग सोटा कुणाला भितो म्हणून तुमचं ऐकतो?"

असं कुणी कधी विचारलंच नव्हतं हो! प्रधानानंही नाही. राजा एकदम ओरडला, "जा रे सोट्या! हिचा जीव घे!"

सोटा पालखीतून उठला. सूंऽऽ करत आला. गोजराबाईच्या डोक्यावर उगारला. आणि तसाच थांबला.

त्याला पाण्यात उभी असलेली छडी दिसली. आपलीच छिलकी. आपलीच लेक. अंगावर खाचा होत्या, पण शेंड्याला हिरवागार झुबका आला होता, आणि त्यावर एक इवलासा पक्षी बसला होता. सोट्याच्या अंगाखांद्यावर कधी कुणी बसलं नव्हतं.

आणि सोटा बोलला. जन्मात पहिल्यांदा. लाकूड करकरतं ना, तसा आवाज.

"राजा, या बाईनं विचारलं ते खरं. मी कुणालाच भीत नाही. तू सांगायचास आणि मी ऐकायचो, एवढंच. का ऐकतो, ते मला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. आता विचारलं. आता नाही ऐकत."

असं म्हणाला आणि धप्पकन पाण्यात पडला. लेकीशेजारी. आणि चुळुक चुळुक पाणी प्यायला लागला.

राजा ओरडला, "शिपाई! खोदा तो पाट!"

शिपायांनी एकमेकांकडं बघितलं. पाण्यातल्या सोट्याकडं बघितलं. रंगराव जमादारानं हळूच आपली पाठ चाचपली. कुणी हललं नाही. कुणी उलटूनही बोललं नाही, बरं का. नुसतं कुणी हललं नाही.

आता राजाला कळलं, की आपण एकटे आहोत. हातात काही नाही. समोर सगळं गाव, अंगभर वळ घेऊन उभं. आता हे आपल्याला मारणार. दुसरं काय करणार? आपणही तेच केलं असतं. त्यानं डोळे गच्च मिटले आणि डोकं हातांनी झाकून घेतलं.

गोजराबाईनं फावडं उचललं.

खरं सांगायचं तर तिच्या हाताला खाज सुटली होती. पाठ पेटली होती तिची. कोंडाजीच्या पाठीवर उठलेले वळ तिच्या डोळ्यांपुढं होते. एक रट्टा, फक्त एकच, असं तिच्या मनात आलं. कुणी तिला नावं ठेवली नसती. पण फावड्याचं काम माती उचलायचं. ते एकदा दुसऱ्या कामाला लावलं, की मग त्यालाही रोज तेल लावत बसावं लागतं.

ती पुढं झाली आणि फावडं तिनं राजाच्या हातात दिलं.

"डोळे उघडा," ती म्हणाली. राग अजून गेला नव्हता. "तुमच्या सोट्यानं बांधाला भोकं पाडून ठेवलीत. आजाचं पाणी वाया चाललंय. बुजवा आधी. नंतर बोलू तुमच्या कमळांचं."

राजानं एक डोळा उघडला. मग दुसरा. कुणी मारत नव्हतं. त्यानं मुकुट काढून जमादाराकडं दिला आणि चिखलात उतरला. फावडं त्याला धरता येईना. बारकू पुढं आला. "असं न्हाई महाराज, असं. खालचा हात ढिला सोडा." सगळ्यांना हसू फुटलं. कोंडाजी तर पाठ धरून धरून हसला. हसल्यावर त्याला जास्तच दुखलं, तरी हसला.

भोकं बुजली. पाणी सरळ वाहायला लागलं. ऊन उतरायच्या आत कोंडाजीचं रान भिजलं. मग गोजराबाई गेली आणि आपल्या हातानं डहाळी काढून वरच्याच्या रानात खोचली. त्याचं झालं, वरच्यांचं झालं, सगळ्यांत शेवटी तिचं स्वतःचं झालं. आणि मग एक डहाळी राजाच्या नावानं खोचली. तळ्यात पाणी आलं. हंस कलकलाट करत उठले. चिखलानं बरबटलेले होते, पण एकही मेला नव्हता.

मुसळ, रवी, लाटणं, फुंकणी, सगळं जमादारानं स्वतः घरी आणून दिलं. रवी तेवढी प्रधानानं घासून पुसून पाठवली होती.

राजा पुढंही राजाच राहिला. पण हुकूम सोडायच्या आधी त्याला विचारावं लागायचं, आणि विचारायला त्याला फार जड जायचं. कधी लोक हो म्हणायचे, कधी नाही म्हणायचे. नाही म्हणाले की तो रुसून बसायचा. बसू द्या. रुसण्यानं कुणाची पाठ फुटत नाही. गावोगावच्या छड्या लोकांनी ओढ्याकाठी, विहिरीकाठी रोवून टाकल्या. कुठं कुठं मात्र चावडीवर अजून एखादी लोंबते म्हणतात. तिथल्या लोकांना अजून कुणी विचारलेलं नसेल.

आणि सोटा? सोट्याचं झाड झालं. चांगलं मोठं, डेरेदार करंजाचं. पाटवाडीला गेलात तर सावलीला बसा. त्याचीच डहाळी मोडून पाळी लावतात आता. कोंडाजीचा गहू टपोरा झाला, त्याच्या नातीनं त्याच्या पोळ्या केल्या, सगळ्या गावानं खाल्ल्या, राजानंही खाल्ल्या. आणि सगळे सुखानं राहिले.

चला, संपलं. आता डोळे मिटा. कुणाच्या धाकानं नको हं. झोप आली असेल तर मिटा.

आली ना? मग झालं तर.